खालची खोली

घरांत नवे शब्द दोन वाटांनीं येतात. थोरांचे शब्द वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून येतात. ते पाहुण्यांप्रमाणें अगोदर वर्दी देतात, बैठकींत बसतात आणि आपली वेळ झाली कीं निघून जातात. मुलांचे शब्द मात्र वहाणा न काढतां थेट स्वयंपाकघरापर्यंत जातात. त्यांना हांकलावें तर मुलें रुसतात, ठेवून घ्यावें तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि मौज अशी कीं, दहावीस वर्षांनीं तोच शब्द घरांतील आजीबाईंच्या तोंडीं सहज येऊं लागतो आणि तो एके काळीं परका होता हें कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं. चहा, सिनेमा, क्रिकेट ही सारी मंडळी याच वाटेनें घरची झाली.

‘हिपहॉप’ हा शब्द आमच्या घरांत असाच आला. माझ्या थोरल्या बंधूंचा नातू पंधरा वर्षांचा आहे. एके रात्रीं जेवणें आटोपून सारी मंडळी बडीशेप चघळीत बसली असतांना त्यानें आपली मागणी पुढें मांडली. “आजोबा, खालची खोली आठवड्यांतून दोन संध्याकाळीं आम्हांला द्याल का? आम्हांला हिपहॉपचा वर्ग सुरू करायचा आहे.”

“म्हणजे नेमकें काय करणार?” दादांनीं विचारलें.

“नाच. जमिनीवरचा नाच असतो तो.”

“मग इतके दिवस लोक काय आकाशांत नाचत होते?”

सारे हंसले, मुलगा मात्र हंसला नाहीं. ‘शिकविणार कोण?’ या पुढच्या प्रश्नाला त्यानें जें उत्तर दिलें, त्यानें इतरांचेंहि हंसूं मावळलें. कालव्यापलीकडच्या वस्तींत राहणारा आणि सकाळीं घरोघर पार्सलें पोंचविणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा शिकविणार होता. शिकणारांत आमच्या घरचीं दोन मुलें, आळींतील चारपांच आणि बाकीचीं त्याच्या वस्तींतलीं.

खालची खोली हें आमच्या घराचें एक प्रकरणच आहे. आमचे वडील तेथें रोज संध्याकाळीं मुलांना विनामूल्य संस्कृत शिकवीत. पुढें आमच्या आत्यानें तेथें मुलींना पेटी शिकविली. तीं दोघें गेल्यावर खोलींत जुनीं कपाटें, पितळेचे हंडे आणि कोणाच्याच नसलेल्या गाद्या जमत गेल्या. त्याच महिन्यांत तिला आणखी एक मागणी आली होती. प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या घेणाऱ्या एका गृहस्थांनीं ती महिना अठरा हजार रुपये भाड्यानें मागितली होती. घराचें छप्पर दोन पावसाळ्यांपासून गळत आहे. अठरा हजारांचें महत्त्व कोणास समजावून सांगण्याची गरज नव्हती. दादांनीं पंधरा दिवसांनीं निर्णय देऊं असें सांगितलें आणि ‘हें काय आहे तें जरा पाहून ठेव’ अशी मला आज्ञा केली. मीं तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविलें आहे. अर्जावर शेरा मारण्यापूर्वीं चौकशी करावी ही संवय अजून सुटलेली नाहीं. त्या पंधरवड्यांत मीं जें वाचलें आणि नातवानें आपल्या फोनवर जें दाखविलें, त्यांतून एक हकीकत हातीं लागली. ती वाचकांपुढें ठेवण्याजोगी आहे असें मला वाटतें.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर अंगास ब्राँक्स नांवाचा विभाग आहे. १९४८ सालापासून पुढें तेथें एक रुंद मोटाररस्ता भर वस्ती कापीत नेण्यांत आला. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याची ती योजना. नांदत्या गल्ल्या मोडल्या, हजारों बिऱ्हाडें उठलीं. ज्यांना दूर जाणें परवडलें ते गेले; मागें राहिलीं तीं बहुतांशीं कृष्णवर्णीयांचीं, पोर्टोरिकोच्या लोकांचीं आणि वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्यांचीं गरीब कुटुंबें. घरमालकांनीं डागडुजी सोडून दिली. १९७० नंतरच्या दशकांत तेथील इमारतींच्या रांगाच्या रांगा आगींत गेल्या, आणि त्यांपैकीं कांहीं आगी विम्याच्या पैशाच्या लोभानें मालकांनींच लावविलेल्या होत्या. १९७५ सालीं खुद्द न्यूयॉर्क नगरपालिकेचें दिवाळें वाजण्याची वेळ आली तेव्हां हजारों शिक्षकांना घरीं बसविण्यांत आलें, आणि ज्या विषयांवर कुऱ्हाड आधीं पडली त्यांत संगीत आणि चित्रकला हे होतेच.

या शेवटच्या गोष्टीचें मला नवल वाटलें नाहीं. काटकसर करावयाची झाली कीं प्रथम पेटी बंद होते आणि रंगांच्या डब्या कपाटांत जातात, हें ज्ञान मला ब्राँक्सला न जातांच झालेलें आहे. ज्या शाळेंत मीं आयुष्य घालविलें तेथें चित्रकलेचे मास्तर निवृत्त झाल्यावर ती जागा सात वर्षें भरली गेली नाहीं. त्यांच्या तासाला मुलें गणिताचीं उदाहरणें सोडवीत. मास्तरांनीं मागें ठेवलेलें मातीचें मडकें—ज्याचें चित्र काढून मुलांच्या चार पिढ्या तयार झाल्या—तें खिडकीच्या कोनाड्यांत धूळ खात बसलें होतें. तें पाहिलें कीं मला वर्गांत शिरतांना उगाच चोरट्यासारखें होई.

ब्राँक्समधील मुलांच्या वांट्याला असें मडकेंहि उरलें नव्हतें. पण नगरपालिकेच्या त्या संकटाच्या दोन वर्षें आधींच तेथें एक गोष्ट घडून गेली होती. सेज्विक अव्हेन्यू या रस्त्यावर १५२० क्रमांकाची एक मोठी इमारत आहे. तिच्यांत भाडेकरूंच्या करमणुकीसाठीं एक सामायिक खोली होती. सिंडी कॅम्पबेल नांवाच्या मुलीला शाळा सुरू होण्यापूर्वीं नवे कपडे घ्यावयाचे होते आणि हातांत पैसे नव्हते. तिनें ती खोली घेतली, आमंत्रणें लिहिलीं, आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजीं नाचगाण्याचा एक जलसा ठेवला. प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट. तबकड्या लावण्याचें काम तिनें आपला अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याच्याकडे दिलें. हीं भावंडें मूळचीं जमेकांतलीं. क्लाइव्ह १९६७ सालीं किंग्स्टनहून येथें आला, आणि ‘कूल हर्क’ हें त्यानें घेतलेलें नांव. ध्वनिवर्धकाची सामग्री वडिलांची होती. थोडक्यांत सांगावयाचें तर, बहिणीची गरज, बापाचें यंत्र, भावाचा हात आणि इमारतीची खोली अशी ही सारी घरगुती भांडवलावरची उभारणी.

या हर्कच्या ध्यानांत एक गोष्ट आली होती. गाणें चालूं असतां मधेंच गाणारा थांबतो, इतर वाद्यें थांबतात, आणि क्षणभर एकटा ढोलच बोलत राहतो. नाचणारीं पोरें त्याच क्षणाची वाट पाहत असतात. आपल्याकडे भजनांत अभंग थांबून पखवाज मोकळा सुटला कीं वारकऱ्यांच्या पायांत जें येतें, तेंच हें. पण तबकडीवर हा तुकडा अवघा कांहीं क्षणांचा. हर्कनें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा तुकडा संपतां संपतां दुसरीवरचा सुरू करावयाचा, तोंवर पहिली मागें फिरवून ठेवावयाची. क्षणाचा तुकडा अशा रीतीनें हवा तितका लांबूं लागला. या तुकड्याला इंग्रजींत ‘ब्रेक’ म्हणतात. त्यावर नाचतात म्हणून तो नाच ‘ब्रेकिंग’.

पुढची प्रगति अशाच हातांनीं झाली. जोसेफ सॅडलर हा बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबांतला मुलगा धंदेशिक्षणाच्या शाळेंत विजेचीं उपकरणें दुरुस्त करावयास शिकत होता. त्यानें तबकडीवर मेणखडूनें खूण करून तुकडा नेमका कोठें सुरू होतो तें डोळ्यांना दिसेलसें केलें, आणि अंदाजाच्या कामाला हिशेब आणला. जग त्याला ‘ग्रँडमास्टर फ्लॅश’ म्हणून ओळखतें. थिओडोर लिव्हिंग्स्टन हा तर त्याहूनहि लहान. १९७५ च्या सुमारास एके दिवशीं तो खोलींत मोठ्यानें गाणीं लावून बसला असतां आई दारांत येऊन रागावली. तिचें बोलणें ऐकून घेतांना त्यानें फिरती तबकडी हातानें धरून ठेवली, आणि हात हलतांच सुईखालून खर्र खर्र असा नवाच नाद निघाला. त्यानें तो महिनेच्या महिने घोटून एक तंत्र सिद्ध केलें. आईचें रागावणें संगीताच्या इतिहासांत इतकें फलद्रूप झाल्याचें दुसरें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

तबकडी वाजविणें, ठेक्यावर यमकें जुळवून बोलणें, नाच आणि भिंतीवरचीं रंगीत अक्षरें अशा चार कला या हिपहॉपच्या. पुढें तिच्या उपासकांनीं त्यांत ‘ज्ञान’ ही पांचवी गोष्ट मिळविली. या कलांचें मला अधिक वाटलें तें त्यांच्या शिक्षणाच्या रीतीमुळें. शाळा नाहीं, फी नाहीं, प्रमाणपत्र नाहीं. मुलें एक रिंगण करतात. एकजण आंत उतरतो, जें येतें तें दाखवितो आणि बाहेर येतो, मग दुसरा. ज्याला कांहीं येत नाहीं तोहि रिंगणाच्या कडेला असतो, आणि तेंच त्याचें नांव घालणें. ज्यानें हें काल उचललें तो आज शेजाऱ्याला दाखवितो. पण या रीतींत एक कडक नियम आहे. दुसऱ्याची चाल जशीच्या तशी उचलून आपली म्हणून मिरविणें याला ते लोक ‘चावणें’ म्हणतात, आणि त्यासारखी दुसरी नामुष्की नाहीं. शिकावें दुसऱ्याकडून, पण रिंगणांत उतरावें स्वतःचें कांहीं घेऊनच. तीस वर्षें मुलांचे निबंध तपासलेल्या मास्तराला या नियमाची महती निराळी सांगावयास नको. एकाच मार्गदर्शक पुस्तकांतून उतरलेले चाळीस ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ मीं वर्षानुवर्षें वाचलेले आहेत. त्या चाळीसहि दिवसांत इंद्रधनुष्य निघालेलें असे.

हें वाचतांना मला सारखी आठवण होत होती ती आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या फडांची. तुरेवाल्यांनीं शिवाचा मोठेपणा गावा, कलगीवाल्यांनीं शक्तीचा. एकानें कूट घालावें, दुसऱ्यानें तें तिथल्या तिथें सोडवून उलट सवाल टाकावा, आणि ऐकणारांची रात्र सरावी. सृष्टीची उत्पत्ति, पुराणांतरींच्या कथा, अध्यात्मांतील भेद हें सारें, पाठशाळेचें दार ज्यांना बंद होतें त्यांच्यापर्यंत डफाच्या थापेवरून पोंचलें. सोलापूरचे राम जोशी तर विद्वान् ब्राह्मण घराण्यांतले. त्यांचे पाय धोंडी शाहिराच्या तमाशाकडे वळले म्हणून थोरल्या बंधूंनीं त्यांना घराबाहेर काढलें. पुढें त्यांनीं पंढरपुरास बाबा पाध्यांजवळ शास्त्राध्ययन केलें, पण शाहिरी कांहीं सोडली नाहीं. आज मराठी वाङ्मयाच्या कोणत्याहि इतिहासांत त्यांना मानाचें पान असतें. ब्राँक्सच्या रिंगणाचा आणि आपल्या फडाचा वंशसंबंध मुळींच नाहीं. परंतु ज्यांना कोणी शिकवावयास येत नाहीं ते एकमेकांस शिकवूं लागतात, आणि चढाओढ हीच त्यांची परीक्षा होते, ही मनुष्यस्वभावाची चाल दोहोंकडे एकच दिसते.

आतां दुसरी बाजू. ती दादांनीं मांडली, आणि ती खोटी नव्हे. १९७९ सालीं ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघून हें बोलगाणें बाजारांत आलें, आणि बाजारानें त्याचें जें व्हावयाचें तें केलें. रॅपच्या नांवाखालीं सोन्याच्या साखळ्यांची, पिस्तुलांची आणि स्त्रियांविषयींच्या हलकट भाषेची जी विक्री पुढें झाली, ती कोणत्याहि घरांत ऐकविण्यासारखी नाहीं. भिंतीवरचीं अक्षरें म्हणावीं तर तींहि कित्येकदां परवानगीवांचून, आगगाड्यांच्या डब्यांवर रंगविलेलीं. तथापि या दोषांचें उत्तर प्रथम कोणीं दिलें तेंहि पाहिलें पाहिजे. स्त्रियांच्या विटंबनेवर क्वीन लतीफा या रॅप म्हणणाऱ्या बाईनेंच १९९३ सालीं ‘युनिटी’ हें गाणें लिहून खडखडीत जाब विचारला, आणि त्याला १९९५ सालीं ग्रॅमी हें तेथील मोठें पारितोषिकहि मिळालें. आपल्याकडे लावणींतहि सोज्ज्वळ आणि ओंगळ दोन्ही आहे. कीर्तनांतहि पोटभरू आणि तळमळीचे दोन्ही आहेत. एखाद्या कलेची पारख तिच्या दुकानावरून करावी कीं तिच्या शाळेवरून, हा प्रश्न मीं दादांपुढें ठेवला. त्यांनीं चष्मा पुसला, पण उत्तर दिलें नाहीं.

आपल्याकडे ही कला पूर्वींच येऊन पोंचली आहे, हेंहि मीं घरांत सांगितलें. धारावींत गेल्या दशकांत मुलांना विनामूल्य हिपहॉप शिकविणारी शाळा निघाली. ‘गली बॉय’ हा २०१९ सालचा चित्रपट मुंबईच्या चाळीं-गल्ल्यांतील अशाच दोन तरुणांच्या आयुष्यावरून सुचलेला. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळींतील ‘मवाली’ हा तर मराठींत रॅप करतो. म्हणजे आमच्या नातवानें मागितलें तें कांहीं विलायतेहून थेट आमच्याच दारांत उतरलें होतें असें नव्हे.

पंधराव्या दिवशीं रात्रीं बैठक बसली. हिशेब दादांच्या बाजूनें होता, हें सर्वांस कबूल होतें. दादा म्हणाले, “वडिलांची खोली आहे. तेथें शिकवणी चालली तर निदान विद्या तरी चालेल.”

यावर वहिनी, ज्या अशा बैठकींत सहसा बोलत नाहींत, त्या बोलल्या. “मामंजींनीं कधीं कोणाकडून पैसा घेतला नाहीं. हे शिकवणीवाले घेणार. मग मामंजींचें नांव कशाला मधें आणायचें?”

“तें संस्कृत होतें,” दादा म्हणाले.

“होतें ना. आणि शिकायला येत होतीं तीं कोण? सगळीं आपल्याच आळींतलीं. दार उघडें होतें म्हणतात. पण कालव्यापलीकडचें एक तरी मूल उंबरा ओलांडून आलेलें मला आठवत नाहीं. या पोरांच्या वर्गाला तीं येणार आहेत.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या वडिलांविषयीं घरांत कमीजास्त शब्द कोणी काढीत नाहीं, आणि वहिनींनीं काढला तोहि कमी नव्हता. खरा होता इतकेंच. दादा बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “एक वर्ष. पुढच्या पाडव्याला पुन्हां पाहूं. आणि या वर्षीं छपरावर ताडपत्री घालावी लागेल ती मुलांनीं घालावयाची.” अशा रीतीनें दोन संध्याकाळींसाठीं महिन्याचे अठरा हजार सोडण्यांत आले. ताडपत्रींतून आजहि एके ठिकाणीं पाणी ठिबकतें; तेव्हां हा व्यवहार फुकट झाला असें कोणी समजूं नये.

पहिल्या दिवशीं तो एकोणीस वर्षांचा शिक्षक दारांत येऊन उभा राहिला आणि आंत येईना. “चपला कुठें काढूं?” त्यानें वहिनींना विचारलें. त्या काढून त्यानें पिशवींतून दुसरी बुटांची जोडी काढली. ही फक्त फरशीवर वापरावयाची, रस्त्याची धूळ तिला लागूं द्यावयाची नाहीं, असा त्याचा नेम होता. “याला सोंवळें कळतें,” एवढें म्हणून वहिनी आंत गेल्या, आणि मग पांच मिनिटांनीं चौरंग घेऊन खोलीच्या दारांत येऊन बसल्या. त्या अजूनहि बसतात.

त्याचा पहिला धडा मला फार दिवस पुरेल. त्यानें नाच शिकविला नाहीं, पडणें शिकविलें. तळवे कसे पसरावे, बोटें कशीं मोकळीं ठेवावीं, हनुवटी छातीशीं कशी घ्यावी, भार मानेवर न येऊं देतां खांद्यावरून कसें लोळावें, हें त्यानें प्रत्येकाकडून वीस-वीस वेळां करवून घेतलें. “पडायची भीति गेली कीं बाकीचें मी शिकवीन,” तो म्हणाला. पडलेल्याला हंसणारानें पुढच्या खेपेस पहिल्यानें उतरावयाचें, हा त्याचा दुसरा नियम. मग जमिनीवर हात टेकून पायांनीं घालावयाची सहा पावलांची फेरी आली. वहिनींना ती पाठ झाली आहे. मुलें चुकलीं तर त्या दारांतून ‘चार राहिलें’ म्हणून ओरडतात. हा मुलगा स्वतः हें बागेंतील फरशीवर, पहारेकऱ्याची नजर चुकवून शिकला. तेथून हांकलल्यावर पुलाखालीं, आणि पाऊस आला कीं कोठेंच नाहीं. त्याच्या हातीं खोली अशी ही पहिलीच आली.

दुसऱ्या महिन्यांत त्याच्याच वस्तींतील एक नऊ वर्षांची मुलगी रिंगणाबाहेर भिंतीला टेकून नुसती पाहत उभी राही. तो तिला कधीं बोलावीत नसे. एके दिवशीं ती आपण होऊन आंत आली, चार पावलें बरोबर टाकलीं, पांचवें चुकलें, पडली; पण पडली ती शिकविल्याप्रमाणें, तळवे पसरून, आणि मग उठून सहावें पाऊल तिनें भलतेंच, कोणीं न दाखविलेलें टाकलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. आमच्या नातवानें तें पाऊल तिच्याकडून शिकून घेतलें, आणि आतां तें टाकतांना तो तिच्याकडे बोट करून दाखवितो, हें आपलें नव्हे म्हणून. मराठीचा मास्तर या नात्यानें मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, अवतरणचिन्हांचा इतका शुद्ध उपयोग मीं क्वचित् पाहिला आहे.

आतां या कलेचें शाळेंत आगमन होत आहे. हार्वर्ड विद्यापीठानें २००२ सालीं हिपहॉपचें संग्रहालय उघडलें. २०१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांतील ख्रिस्तोफर एमडिन या अध्यापकांनीं ‘जिझा’ या रॅपकाराच्या साह्यानें न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत मुलांना शास्त्राच्या विषयांवर रॅप रचावयास लावण्याचा उपक्रम सुरू केला. २०१८ सालीं केंड्रिक लमार याला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ब्रेकिंगचीं सुवर्णपदकें जपानच्या एका तरुणीनें आणि कॅनडाच्या एका तरुणानें पटकाविलीं. ही सारी प्रतिष्ठा आनंदाची आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें नसतें, तर उस्तादांच्या बैठकींतली विद्या आमच्या आत्यासारख्या मुलीच्या बोटांपर्यंत कशी आली असती? कलेला शाळेची गरज असते.

परंतु शाळेचा एक स्वभावहि असतो, आणि तो मला चांगला ठाऊक आहे. ती कलेला घरांत घेते आणि कलावंताला दारांत उभें करते. रॅपच्या ठेक्यावर पाढे म्हणवून घेतले, सूत्रांना यमकें जोडून दिलीं, म्हणजे मुलें आनंदानें पाठ करतील, एवढ्यापुरतीच ही कला वापरली जाण्याचा धोका मोठा आहे. तें म्हणजे कडू औषधाची शर्करावगुंठित गोळी. मुलें साखर चाटून घेतात आणि औषध थुंकून टाकतात. एमडिन यांच्या उपक्रमाचें मर्म मला दिसतें तें वेगळें. तेथें शब्द मास्तरांनीं पुरविलेले नसतात. विषय समजल्याखेरीज ओळ सुचत नाहीं आणि ओळ दुसऱ्याची चालत नाहीं, म्हणून विषय समजून घ्यावाच लागतो. रिंगणाचा नियम वर्गांत पाळला गेला तरच रिंगण शाळेंत आलें असें म्हणावें; एरवीं आला तो केवळ ठेका.

म्हणून ज्या कोणा शाळेला, संस्थेला किंवा घराला ही कला मुलांच्या हातीं द्यावीशी वाटेल, तिनें दोन गोष्टी आधीं पाहाव्या. शिकविणारा रिंगणांत शिकलेला असावा, मग त्याच्यापाशीं पदवी असो वा नसो. आणि त्याला मानधन द्यावें. कला विनामूल्य असावी ती शिकणाराला, शिकविणाराच्या पोटाला नव्हे. आमच्या आळींतील पालक मिळून त्या मुलाला दरमहा जें देतात तें थोडें आहे, पण तें पाकिटांत घालून त्याच्या हातीं देण्याचें काम दादांनीं आपण होऊन पत्करलें आहे, आणि देतांना ते त्याला ‘मास्तर’ म्हणतात.

सेज्विक अव्हेन्यूवरच्या त्या इमारतीची पुढची गोष्ट सांगून हें पुरें करतों. २००७ च्या सुमारास, माफक भाड्याच्या सरकारी योजनेंतून ती इमारत बाहेर काढण्याचा मालकाचा विचार झाला, तेव्हां भाडेकरू आणि खुद्द कूल हर्क तिच्या बचावासाठीं पुढें आले, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क राज्यानें ती हिपहॉपचें जन्मस्थान म्हणून मान्य केली. जेथून कला निघाली तें घर वांचविण्यास त्या कलेचेंच नांव उपयोगी पडलें. ज्यांनीं ती इमारत बांधतांना भाडेकरूंसाठीं एक खोली मोकळी राखली, त्यांना तींतून काय निघेल याची कल्पना असणें शक्यच नव्हतें. त्यांनीं खोली ठेवली, एवढेंच त्यांचें कर्तृत्व. पण तेवढें करणारेहि फार नसतात.